जुन्या गाडीचा निळा धूर

श्रोतेहो, मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. तेव्हा मोटारीच्या इंजिनाविषयी बोलायला इतिहासाचा मास्तर कशाला, असे तुमच्या मनात आले तर त्यात तुमची काही चूक नाही. माझ्याही मनात तेच आले होते. पण माझ्या घरी बावीस-तेवीस वर्षांची एक लहान पेट्रोल गाडी होती आणि त्या गाडीने गेल्या वर्षी मला असा काही धडा दिला की तो कुणाला तरी सांगावा असे फार दिवस वाटत होते. आज ती संधी मिळाली आहे.

झाले असे. श्रावणातली सकाळ होती. मी गाडी महाविद्यालयाच्या फाटकातून आत घेतली आणि आमचे जुने शिपाई हसत हसत म्हणाले, "सर, तुमची गाडी विडी ओढायला लागली की!" मी आरशात पाहिले. मागे निळसर धुराचा एक पट्टा रस्त्यावर तरंगत होता आणि त्यातून दोन विद्यार्थिनी तोंडाला ओढणी लावून बाहेर येत होत्या. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

आपल्याकडे माणूस आजारी पडला की वैद्यांना तोटा नसतो. गाडीचेही तसेच. दुपारपर्यंत मला चार औषधे मिळाली. एकाने सांगितले, इंजिन संपले, आता पूर्ण इंजिनकाम. दुसरा म्हणाला, बाटलीतले औषध टाका. तिसरा म्हणाला, जुन्या गाड्या धूर मारतातच, लक्ष देऊ नका. गावातल्या एका गॅरेजात गेलो, तर तिथे बॉनेटसुद्धा न उघडता पस्तीस हजारांचा आकडा सांगितला. माझी गाडी बाजारात फार तर सत्तर हजारांची. मी गप्पच झालो. तेव्हा तो गॅरेजवाला जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, कशाला खर्चात पडता? जाड ऑइल भरतो, वर एक घट्ट औषधाची बाटली टाकतो. महिनाभर धूर दिसायचा नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक बघा आणि मोकळे व्हा."

आता गंमत अशी की गिऱ्हाईक तयारच होते. शेजारच्या गावच्या प्राथमिक शाळेतले एक तरुण गुरुजी जुनी गाडी शोधत होते. त्यांच्या आईला आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागे आणि एस.टी.त म्हातारीला उभे राहवत नसे. माझी गाडी त्यांनी दुरून पाहिली होती आणि "सरांची गाडी" एवढ्याच भरवशावर ती घ्यायला ते तयार होते. खोटे कशाला बोलू? त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. जाड ऑइल बाराशेचे, येणारे पैसे सत्तर हजार. हिशेब अगदी सरळ होता. घरात बोललो, तेव्हा आमच्या मंडळींनी एवढेच विचारले, "अहो, आणि वाटेत बंद पडली म्हणजे त्या म्हातारीचं काय?"

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. त्यांनी टायर पाहिले, दारे उघडून पाहिली आणि शेवटी विचारले, "सर, धूर मारते का हो?" मी म्हणालो, "मारते. पण किती आणि कशामुळे, ते मला सांगता येत नाही. आठ दिवस द्या. शोधून काढतो आणि मग किंमत बोलू." श्रोतेहो, आजच्या भाषणात जे सांगणार आहे ते सगळे त्या आठ दिवसांतले आहे.

आधी धूर येतो कुठून ते पाहू. इंजिनात एक गुळगुळीत नळकांडे असते, त्याला आपण सिलिंडर म्हणतो. त्यात एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली-वर होतो. आपल्या सायकलच्या पंपासारखेच हे आहे. पंपाच्या दट्ट्याला चामड्याचा वायसर असतो, म्हणून हवा बाजूने निसटत नाही. इंजिनाच्या दट्ट्याला वायसराच्या जागी लोखंडाच्या रिंगा असतात. रिंगेला एका जागी चीर असते, त्यामुळे ती स्प्रिंगसारखी बाहेर ताणून भिंतीला चिकटून बसते. जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंग्रज रेल्वे अभियंत्याने १८५० च्या दशकात आगगाडीच्या इंजिनासाठी ही चिरेची रिंग काढली आणि आजच्या मोटारीतही तीच युक्ती चालते. निकोलाउस ओटो ह्या जर्मन संशोधकाने १८७६ साली ज्या पद्धतीचे इंजिन चालवून दाखवले, ती चार फेऱ्यांची पद्धतही आपल्या गाडीत अजून तीच आहे : हवा-पेट्रोल आत ओढा, दाबा, पेटवा आणि जळका वायू बाहेर टाका.

दट्ट्याच्या खाली तेलाची टाकी असते. तिच्यातले वंगण, म्हणजे आपण ज्याला नुसते ऑइल म्हणतो ते, भिंतीवर उडते. बहुतेक गाड्यांत दट्ट्याला तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात आणि सर्वांत खालची रिंग भिंतीवरचे जास्तीचे ऑइल खरवडून खाली पाठवते. कढईच्या कडेचे आपण उलथन्याने काढतो ना, तसे. दट्ट्याच्या वर डोक्याकडे झडपा असतात, त्यांना मिस्त्री व्हॉल्व्ह म्हणतात. झडपांच्या दांड्यांनाही ऑइल लागते. ते दांड्यावरून घसरून आत उतरू नये म्हणून प्रत्येक दांड्यावर रबराची एक बारीक टोपी बसवलेली असते. तिला व्हॉल्व्ह सील म्हणतात.

तेव्हा ज्या जागेत फक्त पेट्रोल आणि हवा जळायची, तिथे ऑइलला शिरायला मुख्यतः दोन वाटा आहेत. खालून रिंगांच्या बाजूने, किंवा वरून झडपांच्या दांड्यावरून. कोणत्याही वाटेने शिरले तरी ते जळते आणि निळा धूर होतो. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर आणि रिक्षा निळा धूर सोडत, ते मात्र निराळे. त्यांच्यात ऑइल पेट्रोलबरोबरच आत जाई, ती त्या इंजिनाची रीतच होती. चारचाकी पेट्रोल गाडीत निळा धूर ही रीत नव्हे, तो रोग आहे.

पण धूर दिसला की निळाच असेल असे नाही. म्हणून पहिली गोष्ट रंग पाहण्याची. काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जाते आहे आणि हवा कमी पडते आहे : एअर फिल्टर चोंदला असेल, जुन्या गाडीत चोक अडकला असेल. पांढरा धूर सकाळी थंडीत दोन मिनिटे येऊन थांबला तर ती नुसती वाफ असते, काळजी नको. पण इंजिन तापल्यावरही पांढरे ढग येत राहिले, त्यांना गोडसर वास आला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत गेले, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे असे समजावे. ऑइलचे झाकण उघडल्यावर खाली ताकाच्या लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर संशय आणखी वाढतो. मात्र थंडीत अगदी जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीतही असा थोडा थर धरतो, म्हणून पाण्याची पातळीही पाहावी. पाणी जाते आहे असे ठरले तर गाडी हाकत राहू नये. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, तोंड भाजते. निळा धूर असेल तर जळक्या तेलाचा उग्र वास नाकाला ताबडतोब कळतो. तळणीचे तेल फार तापले म्हणजे स्वयंपाकघरात जे होते, त्याच जातीचा वास.

माझा धूर निळाच होता. पुढचा प्रश्न, किती? इतिहासात आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की ऐकीव गोष्टीपेक्षा नोंद बरी. पण माझ्याच गाडीची एकही नोंद माझ्याजवळ नव्हती. म्हणून एक शाळकरी वही घेतली आणि गाडीच्या खणात ठेवली.

ऑइल मोजणे अगदी सोपे आहे. गाडी सपाट जागेवर उभी करावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले ऑइल खाली उतरते. मग ऑइलची पट्टी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि बाहेर काढून पाहावी. पट्टीवर दोन खुणा असतात. बऱ्याच लहान गाड्यांत ह्या दोन खुणांमधले अंतर म्हणजे सुमारे एक लिटर. तुमच्या गाडीचा आकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत सापडेल. वरच्या खुणेपर्यंत भरावे, त्याच्या वर नको. जास्त भरले तर फिरणारा दांडा ऑइल घुसळून त्याचा फेस करतो, आणि त्यानेही धूर येऊ शकतो. कित्येकदा ऑइल बदलताना मापाकडे दुर्लक्ष झालेले असते आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो.

मी वरच्या खुणेपर्यंत भरले, किलोमीटरचा आकडा वहीत टिपला आणि चारशेवीस किलोमीटर झाल्यावर पुन्हा पाहिले. अर्ध्याहून थोडे अधिक, साधारण सहाशे मिलिलिटर ऑइल गेले होते. म्हणजे सातशे किलोमीटरला एक लिटर. गाडी तयार करणारे काही कारखाने हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खर्च चालण्यासारखा मानतात. चांगले इंजिन ह्याच्या फार कमी ऑइल खाते. माझी गाडी ती मर्यादाही ओलांडून गेली होती.

इथे शिक्षक मंडळींसाठी एक उदाहरण सांगतो, वर्गात घालण्यासारखे आहे. गाडी ताशी साठ किलोमीटरने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेते आहे असे धरा. हजार किलोमीटरला हजार मिनिटे लागतील, म्हणजे ३० लाख फेरे. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल पेटते, म्हणजे चार सिलिंडर मिळून ६० लाख वेळा. एक लिटर म्हणजे १० लाख घन मिलिमीटर. तेव्हा एका पेटण्यामागे किती ऑइल जळते? एक षष्ठांश घन मिलिमीटर. खसखशीच्या दाण्याहूनही लहान थेंब! एवढ्याशा गळतीने हजार किलोमीटरला एक लिटर जाते. इंजिन किती बारकाईने घडवलेले असते, ते ह्यावरून मुलांना कळेल.

आता तिसरा प्रश्न, केव्हा? धूर कोणत्या वेळी येतो ह्यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि इथे आपल्या सह्याद्रीचे घाट फार उपयोगी पडतात. आमच्या भागातून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट लागतो. मी एका मित्राला त्याच्या गाडीतून मागे यायला सांगितले आणि कोयनानगरहून घाट उतरलो. उतारावर आपण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. तेव्हा इंजिनात हवा शिरायची वाट जवळजवळ बंद होते आणि आत जोराची ओढ निर्माण होते. झडपांच्या रबरी टोप्या सैल असतील तर ही ओढ दांड्यावरून ऑइल आत खेचते. ते साठत राहते आणि खाली पोचून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एकदम धुराचा लोट निघतो. चढावर ह्याच्या उलट. तिथे इंजिनावर भार असतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि रिंगा झिजलेल्या असतील तर चढावर सतत धूर निघत राहतो.

पोफळीला घाट संपला आणि मी गाडीला वेग दिला. मागून मित्राने हॉर्न वाजवला. थांबलो, तर म्हणाला, "अहो सर, क्षणभर तुमची गाडीच दिसेनाशी झाली!" परत येताना चढावर मात्र धूर तुरळक होता. आणखी एक खूण होती. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू केली की पहिल्या झटक्याला निळा ढग येई आणि मग कमी होई. रात्रभरात वरचे ऑइल दांड्यावरून थेंब थेंब खाली उतरलेले असे. ह्या दोन्ही खुणा झडपांच्या टोप्यांकडे बोट दाखवत होत्या. तरी एवढ्यावर निकाल द्यायचा नाही असे मी ठरवले. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी ठरत नाही, तिसरा तपासावा लागतो.

गावाबाहेरच्या रस्त्याला एक वयस्कर मिस्त्री आहेत. पत्र्याची शेड, कामाला एक मुलगा. त्यांना वही दाखवली. त्यांनी ती पूर्ण वाचली आणि म्हणाले, "सर, अशी वही घेऊन येणारं गिऱ्हाईक मला वर्षात एखादं भेटतं. बाकीचे येतात आणि म्हणतात, बघा काय झालंय ते."

त्यांनी सुरुवात स्वस्त गोष्टींपासून केली. इंजिनाच्या पोटात साठणारा वायू बाहेर काढायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. काही गाड्यांत तिच्या तोंडाशी एक लहानशी झडपही असते. ही वाट चोंदली की पोटात दाब वाढतो आणि ऑइल नको तिथे ढकलले जाते. माझ्या गाडीची नळी काळ्या चिकट मळीने निम्मी भरली होती. साफ करायला अर्धा तास लागला, पैसे नाममात्र. त्याने थोडा फरक पडला, पण सकाळचा ढग कायम राहिला.

मग त्यांनी चारही प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले. तीन भुऱ्या रंगाचे, कोरडे; चौथा काळा आणि ऑइलने ओला. कोणत्या सिलिंडरमध्ये ऑइल जास्त जाते ते प्लग सांगतो. त्यानंतर दाबाची परीक्षा. इंजिन गरम करून, प्लग काढून, पेट्रोल आणि ठिणगी बंद ठेवून, प्लगच्या भोकात दाबमापक लावतात आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवतात. आकडे आले ते असे : साडेअकरा, साडेअकरा, सव्वाअकरा आणि अकरा, किलो प्रति चौरस सेंटिमीटर. चौथ्या सिलिंडरमध्ये त्यांनी चमचाभर ऑइल सोडले आणि पुन्हा मोजले. काटा फारसा वर गेला नाही.

ह्याचा अर्थ सायकलच्या पंपाने कळेल. पंपाचा वायसर वाळला की हवा भरत नाही; दोन थेंब तेल सोडले की तोच पंप पुन्हा दाब धरतो. तसेच इथे. ऑइल सोडल्यावर दाब बराच वाढला असता तर रिंगांतून गळती आहे असे ठरले असते. आधी दाब कमी असता आणि ऑइल सोडूनही तो वाढला नसता, तर झडपा नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेले असे ठरले असते. माझा दाब मुळातच चांगला होता. "रिंगा बऱ्या आहेत," मिस्त्री म्हणाले, "सील गेलेत. पस्तीस हजारांचं काम नाही हे."

आठ टोप्या बदलायच्या होत्या. त्यासाठी हेड खोलावे लागेल असे मला वाटले होते. पण मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडली आणि दट्ट्या हळूच वर आणून ती दाबून बसवली, म्हणजे स्प्रिंग काढल्यावर झडप आत पडू नये. एवढ्या लहान युक्तीने हेड जागचे हलवावे लागले नाही. सगळ्याच इंजिनांत हे जमत नाही, आणि ते जाणत्या हाताचे काम आहे, हेही सांगून ठेवतो. काढलेल्या जुन्या टोप्या त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. नवी टोपी बोटाने दाबली की दबत होती. जुनी चिंचोक्यासारखी कडक झाली होती. उष्णतेने आणि वर्षांनी रबराचे तसेच होते. सामान आणि मजुरी मिळून साडेचार हजार झाले. पुढच्या हजार किलोमीटरला पट्टीवरची पातळी पाव लिटराने उतरली. पाव लिटर म्हणजे म्हाताऱ्या गाडीला शोभेल असा खर्च.

आता कुणी म्हणेल, तुमचे नशीब चांगले. रिंगाच गेल्या असत्या तर? बरोबर आहे. तेव्हाही घाई करू नये. कधी रिंगा झिजलेल्या नसतात, कार्बन साठून आपल्या खाचेत चिकटून बसलेल्या असतात. मिस्त्री सिलिंडरमध्ये कार्बन सोडवणारे द्रव रात्रभर ठेवून पाहतात, आणि काही वेळा रिंगा मोकळ्या होतात. मात्र त्यानंतर ऑइल बदललेच पाहिजे. खरोखर झिजल्या असतील तर आधी सिलिंडरची भिंत मोजून घ्यावी. भिंत लंबवर्तुळाकार झाली असेल तर तिच्यात नुसत्या नव्या रिंगा घालणे म्हणजे वाकड्या चौकटीला नवे दार लावणे. तिथे बोअर करून मोठे दट्ट्ये घालावे लागतात, आणि हा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहावा. दीड-दोन हजार किलोमीटरला एक लिटर जात असेल आणि धूर डोळ्याला दिसत नसेल, तर डिकीत ऑइलचा डबा ठेवून दर आठवड्याला पातळी पाहत राहणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे.

जाड ऑइलविषयी लोक फार विचारतात. डब्यावर २०डब्ल्यू-४० असे आकडे असतात. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, नंतरचा तापल्यावरचा. पुस्तिकेत परवानगी असेल तर आपल्या उन्हाळी हवेत एक पायरी जाड ऑइल घालून खर्च थोडा उतरतो. पण फार जाड ऑइल सकाळच्या थंड इंजिनात वरपर्यंत पोचायला वेळ लावते, आणि तेवढा वेळ लोखंडावर लोखंड घासते. बाटलीतल्या औषधांपैकी काही कडक झालेल्या रबराला थोडे मऊ करतात. झिजलेले लोखंड मात्र कोणत्याही बाटलीने भरून येत नाही.

आणि ज्यांना वाटते की धूर मारला तर मारू दे, त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली इंजिनाची. धुरापेक्षा मोठा धोका म्हणजे ऑइल संपणे. समोरच्या फळीवर ऑइलचा लाल दिवा असतो. बहुतेक जुन्या गाड्यांत तो ऑइलचा दाब सांगतो, पातळी सांगत नाही. तो चालत्या गाडीत लागला तर उशीर झालेलाच असतो. तिथल्या तिथे इंजिन बंद करावे. आणखी एक मैल रेटली तर बेअरिंग जातात, आणि मग पस्तीस हजारही पुरत नाहीत. दुसरी गोष्ट माणसांची. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि त्यानंतरच्या गाड्यांच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाची जाळी आली, ती विषारी वायू कमी करते. जळक्या ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त ह्या जाळीवर बसून तिला निकामी करतात. म्हणजे निळ्या धुराबरोबर न दिसणारा विषारी वायूही वाढतो, आणि तो शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांच्या नाकात जातो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनाही दोन शब्द. मालकाला आधीच सांगावे, "मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका." पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा, गरम लागला तर दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन सुरू करताना मागे उभे राहावे. दोन-तीन मिनिटे तसेच चालू देऊन मग जरा रेस द्यावी. धुराच्या नळीत बोट फिरवावे. तेलकट काळे लागले तर प्रश्न विचारावेत. एखादा लांब उतार उतरून पाहावा, मागे आपला माणूस ठेवावा. पट्टीवरचे ऑइल मधासारखे घट्ट वाटले तर ते का, हेही विचारावे.

गुरुजी आठ दिवसांनी आले. मी त्यांना वही दिली. त्यांनी चिपळूणची नोंद वाचली, दाबाचे आकडे वाचले, साडेचार हजारांची पावती पाहिली. मी म्हणालो, "दुरुस्तीचा खर्च माझा. शिवाय सत्तरातले सहा हजार कमी करतो, कारण पाव लिटर अजून जातेच, आणि दोन टायर बदलावे लागतील." गुरुजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, गाडी घेतो. पण वही गाडीबरोबर द्या." वही तर त्यांचीच होती. दिली.

परवा त्यांचा फोन आला. आईचे दवाखान्याचे जाणे-येणे नीट चालू आहे. वहीची पाने भरत आली आहेत. आणि ते खसखशीचे गणित त्यांनी सातवीच्या वर्गात घातले होते. म्हणाले, उत्तर बहुतेक मुलांना आले, पण एका मुलीने विचारले, "गुरुजी, जळलेलं ऑइल गेलं कुठं?" त्या दिवशी तास संपेपर्यंत वर्ग त्याच प्रश्नावर बोलत होता.

श्रोतेहो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर उद्या सकाळी इंजिन सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी एकदा काढून पाहा. दिसेल ते तारखेसह एका वहीत लिहा. मिस्त्रीकडे जाल तेव्हा ती वही बरोबर न्या, आणि गाडी विकाल तेव्हा ती गाडीबरोबर द्या.